संघनित द्रव्य भौतिकी व गणित

घन व द्रव अवस्थांतील पदार्थांत अणू, आयन (विद्युत् भारित अणू) व इलेक्ट्रॉन एकमेकांच्या इतके निकट असतात की, त्यांतील कोणत्याही एकाचे वर्तन इतरांपासून वेगळे काढून पाहता येत नाही. अशा पदार्थांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्या भौतिकीच्या शाखेस संघनित द्रव्य भौतिकी म्हणतात. ‘घन अवस्था भौतिकी’ हे तिचे जुने व काहीसे मर्यादित नाव होय [⟶ घन अवस्था भौतिकी]. या शाखेला लागणारे मूलभूत नियम १९२६ च्या सुमारास, पुंजयामिकीची मांडणी झाली तेव्हाच, हाती आले. तेव्हापासूनची अडचण नियमांची नसून संख्येची आहे. साखरेच्या खड्याएवढ्या धातूच्या तुकड्यात एकावर बावीस शून्ये मांडून होणाऱ्या संख्येच्या घरात अणू असतात. यांपैकी केवळ ४० अणू घेतले, प्रत्येकाच्या परिवलनाचा (स्वतःभोवती फिरण्याशी तुल्य अशा पुंजयामिकीय गुणधर्माचा) तेवढाच विचार केला आणि प्रत्येकास दोनच अवस्था शक्य आहेत असे मानले, तरी एकत्रित अवस्थांची संख्या सु. १ लक्ष १० हजार कोटी होते. आणखी एक अणू वाढविला की ही संख्या दुप्पट होते. त्यामुळे सर्व परस्परक्रिया लक्षात घेऊन समीकरणे जशीच्या तशी सोडविणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात येत नाही.

यातून वाट काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अंदाजी गणनाचा : प्रत्येक अणूवर इतर सर्वांचा जो परिणाम होतो त्याऐवजी एक सरासरी परिणाम घ्यावयाचा व पुढे जावयाचे. दुसऱ्या मार्गात पदार्थाचे अत्यंत साधे प्रतिमान कल्पून त्याचे अचूक उत्तर काढतात. पहिल्या मार्गात पदार्थ खरा पण उत्तर अंदाजी, तर दुसऱ्यात पदार्थ कल्पित पण उत्तर खरे, असे म्हणता येईल. दुसरा मार्ग म्हणजे गणितज्ञांचा बुद्धिविलास असून त्याचा प्रत्यक्ष पदार्थांशी संबंध नाही, असा आक्षेप खुद्द भौतिकीविज्ञांकडून अनेकदा घेतला गेला आहे. आक्षेप गंभीर आहे; कारण तो खरा असेल, तर या विषयावर खर्ची पडलेली कित्येक दशकांची बुद्धी व्यर्थ गेली असे ठरेल. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार मुख्यतः मुंबईत झालेल्या संशोधनाच्या आधारे केला आहे.

सममिती : गणिताचा या क्षेत्रातील पहिला मोठा विजय स्फटिकांसंबंधीचा आहे. अवकाशात पुनःपुन्हा येणाऱ्या आकृतिबंधांचे नेमके २३० प्रकार संभवतात, हे फेडोरॉव्ह व शनफ्लीस यांनी १८९१ मध्ये गट सिद्धांताच्या साहाय्याने दाखविले. स्फटिकातील अणूंची मांडणी प्रयोगाने दाखविणारे क्ष-किरण विवर्तनाचे तंत्र १९१२ साली आले. म्हणजे यादी आधी तयार झाली व त्यातील नमुने नंतर सापडले. अशा मांडणीत दुहेरी, तिहेरी, चौपदरी व षट्पदरी सममिती असू शकते, पाचपदरी नाही. सुसम (सर्व बाजू व सर्व कोन समान असलेल्या) पंचकोनी फरशा फटी न ठेवता बसविता येत नाहीत, हा गवंड्याचा अनुभव याच नियमाचे एक रूप आहे. म्हणूनच दान शेख्तमन यांना १९८२ मध्ये ॲल्युमिनियम व मँगॅनीज यांच्या मिश्रधातूत पाचपदरी सममिती आढळली, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवण्यास पुष्कळांनी नकार दिला. परंतु नियमितपणे पुनरावृत्त न होणारी, तरीही सुव्यवस्थित अशी फरसबंदी रॉजर पेनरोज यांनी १९७४ मध्येच रचली होती. पाच मितींच्या साध्या जालकाचा तिरका छेद घेतला असता ती मिळते, हे डच गणितज्ञ डी ब्रॉइन यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. शेख्तमन यांना २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्फटिकातील अणूंची कंपने व त्यांच्या परिवलनांची मांडणी न्यूट्रॉनांच्या प्रकीर्णनाने (विखुरण्याने) मोजता येते. मुंबईच्या पूर्व उपनगरांत देवनारच्या शेजारी असलेल्या तुर्भे येथे १९५६ मध्ये अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. या तंत्राचे एक जनक बर्ट्राम ब्रॉकहाऊस यांच्याबरोबर कॅनडात काम करून आलेले पी. के. अय्यंगार (१९३१–२०११) व त्यांचे सहकारी यांनी तेथे आणि पुढे सायरस या अणुभट्टीवर भारतातील न्यूट्रॉन प्रकीर्णनाचा पाया घातला. १९८५ मध्ये याच परिसरात सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर हे काम विस्तारले. कागदावरील परिवलनांच्या मांडण्या खऱ्या पदार्थात आहेत की नाहीत याची शहानिशा जगभर अशाच उपकरणांनी होते.

ईझिंग प्रतिमान : तापविलेल्या लोखंडाचे चुंबकत्व एका ठराविक तापमानाला (क्रांतिक तापमानाला) नाहीसे होते. याचे साधे प्रतिमान व्हिल्हेल्म लेंट्स यांनी १९२० मध्ये सुचविले. यात जालकाच्या प्रत्येक बिंदूवर वर किंवा खाली रोख असलेला एक बाण असतो व शेजारच्या बाणांचा रोख एकच असल्यास ऊर्जा कमी होते. लेंट्स यांचे विद्यार्थी एर्न्स्ट ईझिंग (१९००–९८) यांनी एका ओळीतील बाणांसाठी हा प्रश्न सोडविला व १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला अशी ओळ चुंबकित राहत नाही, हे त्यांचे उत्तर बरोबर होते. पण त्यावरून तीन मितींतही तसेच घडत असावे हे त्यांचे अनुमान चुकीचे होते. उलट सरासरीची अंदाजी पद्धत एका ओळीलाही चुंबकत्व देऊन टाकते. थोडक्यात, दोन्ही बाजूंना चूक आकड्याची नव्हती, प्रकाराची होती.

दोन मितींतील चौरस जालकासाठी लार्स ऑन्सागर (१९०३–७६) यांनी १९४४ मध्ये अचूक उत्तर काढले व वाद मिटला. सरासरीच्या पद्धतीने जे क्रांतिक तापमान ४ एकक येते, ते प्रत्यक्षात २·२६९ एकक आहे, एवढाच त्याचा अर्थ नव्हता. क्रांतिक तापमानाजवळ चुंबकत्व तापमानातील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते असे जुनी पद्धत सांगे. चेन निंग यांग यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेनुसार तो घातांक एकद्वितीयांश नसून एकअष्टमांश आहे. क्रांतिक बिंदूजवळ सरासरीवर विसंबता येत नाही, ही जाणीव येथून सुरू झाली व १९७१ नंतरच्या पुनःप्रसामान्यीकरण सिद्धांताला तिने वाट करून दिली. याच गणनात अतिशय मोठ्या निर्धारकांची मूल्ये लागली, तेव्हा तो प्रश्न गणितज्ञांकडे गेला व गॅबॉर सेगो यांनी १९५२ मध्ये त्यावर जे प्रमेय सिद्ध केले, ते आज विश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकांत भौतिकीचा उल्लेखही न होता शिकविले जाते. तीन मितींतील ईझिंग प्रतिमानाचे अचूक उत्तर मात्र कोणालाही काढता आलेले नाही.

मजुमदार-घोष साखळी : कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित व भौतिकी ही दोन्ही विद्यालये पहिल्यापासून एकाच छपराखाली आहेत. तेथे चंचल कुमार मजुमदार (१९३८–२०००) व त्यांचे विद्यार्थी दीपन घोष यांनी १९६९ मध्ये एक उत्तर प्रसिद्ध केले. ते दोन पानांत समजावून देता येते, आणि म्हणूनच बहुधा त्याचे महत्त्व लगेच ध्यानात आले नाही.

हायझेनबेर्क यांच्या १९२८ च्या प्रतिमानात बाणांऐवजी पुंजयामिकीय परिवलने असतात. शेजारची परिवलने परस्परविरुद्ध राहू पाहत असल्यास त्या पदार्थास प्रतिलोहचुंबक म्हणतात. एका ओळीतील अशा परिवलनांची किमान ऊर्जेची अवस्था हान्स बेथे (१९०६–२००५) यांच्या १९३१ च्या पद्धतीने अचूक काढता येते. पण ती फार गुंतागुंतीची आहे. ‘एक वर, एक खाली’ हे सरळ चित्र मात्र चूक ठरते. मजुमदार व घोष यांनी यात आणखी एक गोष्ट घातली : प्रत्येक परिवलनाने शेजाऱ्याच्याच नव्हे, तर शेजाऱ्याच्या शेजाऱ्याच्याही विरुद्ध राहू पाहावे, मात्र ही दुसरी ओढ पहिलीच्या निम्मी असावी. आता ‘क’ हा ‘ख’ च्या विरुद्ध व ‘ख’ हा ‘ग’ च्या विरुद्ध राहिल्यास ‘क’ व ‘ग’ एकाच दिशेने येतात, तेव्हा त्यांची परस्परांविरुद्धची ओढ असमाधानी राहते. सर्वांचे समाधान करणे शक्यच नाही, अशी ही रचना आहे.

उत्तराची युक्ती अशी : ओढ बरोबर निम्मी असल्यास संपूर्ण साखळीची ऊर्जा लागोपाठच्या तीन-तीन परिवलनांच्या त्रिकुटांच्या ऊर्जांची बेरीज म्हणून मांडता येते. तीन परिवलनांपैकी कोणत्याही दोघांनी जोडी जमवून आपले एकत्रित परिवलन शून्य केले की, त्या त्रिकुटाची ऊर्जा शक्य तितकी कमी होते. तिसरे परिवलन कोठे वळले आहे याला महत्त्व उरत नाही. साखळीतील परिवलनांच्या १–२, ३–४, ५–६ अशा जोड्या लावल्या, तर कोणतेही लागोपाठचे त्रिकूट घेतले तरी त्यात एक पूर्ण जोडी सापडतेच. सर्व त्रिकुटे एकाच वेळी किमान ऊर्जेला पोहोचत असल्यामुळे संपूर्ण साखळीची ऊर्जा याहून कमी होऊ शकत नाही. ओढीचे माप एकक धरल्यास दर परिवलनामागे ही ऊर्जा उणे तीनअष्टमांश येते. जोड्या २–३, ४–५ अशाही लावता येतात. म्हणून अशा अवस्था दोन आहेत. येथे सममिती कोणी बाहेरून मोडलेली नाही. साखळीने ती आपण होऊन मोडली आहे.

ही कल्पना पुढे फार दूर गेली. पूर्णांक परिवलनांच्या साखळीत किमान ऊर्जेची अवस्था व तिच्या वरची अवस्था यांत ऊर्जेची फट असते, अर्धपूर्णांकांच्या साध्या साखळीत नसते, असे भाकीत डंकन हॉल्डेन यांनी १९८३ मध्ये केले, तेव्हा ते अनेकांना पटले नाही. ॲफ्लेक, केनेडी, लीब व तासाकी यांनी १९८७ मध्ये मजुमदार-घोष यांच्याच धर्तीवर जोड्यांनी विणलेली एक साखळी रचून तिच्यात अशी फट असल्याचे कडक गणिताने सिद्ध केले. हॉल्डेन यांच्या मूळ साखळीबाबत संगणकीय गणनातून फटीचे मूल्य ओढीच्या सु. ०·४१ पट मिळते व प्रयोगांचाही त्यास दुजोरा आहे. तिची कडक सिद्धता मात्र गणितज्ञांच्या हाती लागलेली नाही. हॉल्डेन हे २०१६ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. मजुमदार पुढे कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलविज्ञान केंद्राचे पहिले संचालक झाले, तर घोष यांनी पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत दीर्घकाळ अध्यापन केले.

शास्त्री-सदरलँड प्रतिमान : अकोला येथे जन्मलेले व नागपूर विद्यापीठाचे पदवीधर असलेले श्रीराम शास्त्री यांनी टाटा संस्थेतून डॉक्टरेट मिळविली. त्यांनी व बिल सदरलँड यांनी १९८१ मध्ये वरील कल्पना दोन मितींत नेली. चौरस जालकात एकाआड एक चौकटीत कर्ण असे टाकावयाचे की, प्रत्येक बिंदू एकाच कर्णाचे टोक ठरेल व लगतचे कर्ण परस्परांशी काटकोनात राहतील. कर्णावरील दोन परिवलनांची शून्य जोडी जमली की, शेजारचा कोणताही बिंदू त्या जोडीच्या दोन्ही टोकांशी सारखाच जोडलेला असल्यामुळे त्याचे दोन परिणाम एकमेकांस छेद देतात. परिणामी कर्णावरील ओढ पुरेशी प्रबळ असेपर्यंत जोड्यांची ही अवस्था अचूकपणे टिकून राहते.

अशी रचना निसर्गात असेल अशी अपेक्षा प्रतिमान मांडताना धरलेली नव्हती. तथापि १९९९ मध्ये जपानमध्ये कागेयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्राँशियम कॉपर बोरेट या संयुगाच्या चुंबकीय गुणधर्मांचे मापन केले, तेव्हा त्यातील तांब्याच्या आयनांची मांडणी या प्रतिमानाशी तंतोतंत जुळते, असे दिसून आले. चौरसाच्या बाजूवरील ओढ कर्णावरील ओढीच्या सु. ०·६३ पट आहे. हे गुणोत्तर सु. ०·६७ च्या वर गेले तर जोड्यांची अवस्था मोडते. म्हणजे हा पदार्थ मर्यादेच्या अगदी कडेला उभा आहे. चुंबकीय क्षेत्र वाढवीत नेल्यास त्याचे चुंबकन एकसारखे न वाढता कमाल मूल्याच्या एकअष्टमांश, एकचतुर्थांश अशा पायऱ्यांवर थबकते. कागदावरील प्रतिमान व मापलेला पदार्थ यांत अठरा वर्षांचे अंतर पडले. प्रारंभी उल्लेखिलेल्या आक्षेपाला याहून नेमके उत्तर क्वचितच मिळेल.

शास्त्री यांचे आणखी एक काम येथे नोंदविले पाहिजे. धातूतील इलेक्ट्रॉनांचे एकमेकांना टाळणे दाखविणाऱ्या हबर्ड प्रतिमानाचे एका मितीतील अचूक उत्तर लीब व वू यांनी १९६८ मध्ये काढले होते. पण ते का निघते याचे गणिती कारण समजले नव्हते. अशा उत्तरांच्या मुळाशी यांग-बॅक्स्टर समीकरण असते : तीन कणांच्या टकरी कोणत्याही क्रमाने घडल्या तरी अंतिम परिणाम एकच असावा, असा त्याचा आशय आहे. हबर्ड प्रतिमानाला अनुरूप असा आव्यूह (संख्यांची वा फलांची उभ्या-आडव्या ओळींतील मांडणी) शास्त्री यांनी १९८६ मध्ये शोधून काढला. नेहमीच्या नमुन्यात न बसणारा म्हणून तो काही काळ एक विचित्र अपवाद मानला जाई. वीस वर्षांनंतर सूत्र सिद्धांतातील एका अगदी निराळ्या प्रश्नात तोच आव्यूह पुन्हा प्रकट झाला. यांग-बॅक्स्टर समीकरणातूनच ड्रिनफेल्ड व जिंबो यांचे पुंज गट उदयास आले. व्हॉन जोन्स यांना १९८४ मध्ये गाठींचे वर्गीकरण करणारी जी बहुपदी सापडली, तिचे नातेही जालकांवरील सांख्यिकीय प्रतिमानांशी जुळले. दोरीच्या दोन गाठी खरोखर वेगळ्या आहेत की नाहीत, हा प्रश्न चुंबकांच्या गणिताने सुटावा, हे कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते.

वाळूच्या ढिगाचे प्रतिमान : भूकंप, दरडी, नदीच्या पुराची पातळी यांतील चढउतार सर्व लहानमोठ्या आकारांचे असतात. क्रांतिक बिंदूची ही खूण कोणीही तापमान वगैरे जुळवून न देता निसर्गात कशी उमटते, हे समजण्यासाठी बाक, टँग व वीझनफेल्ड यांनी १९८७ मध्ये पुढील खेळ सुचविला. चौरस पटाच्या कोणत्याही घरात एकेक कण टाकावा. एखाद्या घरात चार कण झाले की ते घर कोसळते व चार शेजाऱ्यांना एकेक कण देते. पटाच्या कडेबाहेर जाणारे कण नाहीसे होतात. एका घराच्या कोसळण्याने शेजारचे भरून तेही कोसळू शकते आणि अशी मालिका कधी दोन-चार घरांत थांबते, तर कधी सबंध पट ढवळून काढते.

टाटा संस्थेतील दीपक धर (जन्म १९५१) यांनी १९९० मध्ये या खेळामागील गणित उलगडून दाखविले. त्यांचे पहिले निरीक्षण असे की, घरे कोणत्याही क्रमाने कोसळू दिली तरी शेवटी उरणारी मांडणी एकच असते. मग दोन मांडण्यांची बेरीजही करता येते : घराघरांतील कण एकत्र करावेत व कोसळणे थांबेपर्यंत वाट पाहावी. दीर्घकाळ कण टाकीत राहिल्यास ज्या मांडण्या पुनःपुन्हा येतात, तेवढ्यांचा या बेरजेखाली एक क्रमनिरपेक्ष गट होतो. अशा गटांना नॉर्वेजियन गणितज्ञ नील्स हेन्रिक आबेल (१८०२–२९) यांच्या नावावरून आबेलीय गट म्हणतात व म्हणून हे प्रतिमानही आबेलीय म्हटले जाते.

दोन बाय दोन घरांच्या पटावर हे वाचकास हाताने करून पाहता येईल. प्रत्येक घरात २ कण असलेली मांडणी स्वतःतच मिळविली, तर प्रत्येक घरात ४ कण होतात; चारही घरे एकेकदा कोसळतात; प्रत्येक घराचे २ कण पटाबाहेर पडतात व २ शेजाऱ्यांकडे जातात; शेजाऱ्यांकडून २ परत येतात. पुन्हा सर्वत्र २. नेहमीच्या बेरजेत जे स्थान शून्याचे, ते येथे या मांडणीचे आहे. रिकामा पट मात्र या गटात बसतच नाही. चार घरांत ० ते ३ कण ठेवण्याचे एकूण प्रकार २५६ असून त्यांपैकी १९२ पुनःपुन्हा येणारे आहेत व ते सर्व सारख्याच संभाव्यतेने येतात. ही १९२ संख्या मोजत बसावे लागत नाही. प्रत्येक घर कोसळताना कोणाचे किती कण घटतात-वाढतात याचा आव्यूह लिहिल्यास त्याच्या निर्धारकाचे मूल्य तेवढेच येते. विद्युत् मंडलांचा अभ्यास करताना किरखोफ यांनी १८४७ मध्ये वापरलेला निर्धारक हाच. एका घरात टाकलेल्या कणामुळे दुसरे घर सरासरी किती वेळा कोसळेल, हेही याच आव्यूहाच्या व्यस्तावरून मिळते. पट फार मोठा असल्यास दर घरामागे चाराऐवजी सु. ३·२१ अवस्थाच जणू उपलब्ध असतात.

सत्य मजुमदार व धर यांनी १९९१ मध्ये विस्तीर्ण पटावरील एखादे घर रिकामे असण्याची संभाव्यता अचूक काढली, ती सु. ०·०७४ आहे व तिच्या सूत्रात पायचा घन येतो. इतके अवघड सूत्र असूनही दर घरातील सरासरी कणसंख्या मात्र १७/८ इतकी साधी असावी, असा तर्क संगणकीय आकड्यांवरून केला गेला. २०११ च्या सुमारास दोन गटांनी स्वतंत्र वाटांनी तो सिद्ध केला. दरम्यान हाच खेळ गणितज्ञांनी आलेखांवर (बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या जाळ्यांवर) वेगळ्या नावाने अभ्यासण्यास प्रारंभ केला होता. बेकर व नोरीन यांनी २००७ मध्ये त्याच्या आधारे बैजिक भूमितीतील रीमान-रोख प्रमेयाचा आलेखांसाठीचा प्रतिरूप सिद्ध केला. धर २०१६ पर्यंत टाटा संस्थेत होते व त्यानंतर पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत गेले. सांख्यिकीय भौतिकीतील सर्वोच्च मानले जाणारे बोल्ट्समान पदक त्यांना २०२२ मध्ये जॉन हॉपफील्ड यांच्यासमवेत मिळाले. हे पदक मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

खरी वाळू या नियमांनी वागते काय, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी नकारार्थी आहे. वाळूचे कण घरंगळताना वेग घेतात व प्रतिमानात वेग नाही. नॉर्वेमध्ये १९९६ मध्ये तांदळाच्या ढिगांवर प्रयोग झाले, तेव्हा लांबट दाण्यांच्या ढिगात सर्व आकारांच्या घसरणी आढळल्या, पण गोलसर दाण्यांच्या ढिगात तसे आढळले नाही. तेव्हा ‘वाळूचा ढीग’ हे नाव शब्दशः घेऊ नये.

संस्थितिविज्ञान : आकार ताणला वा वाकविला तरी जे गुणधर्म बदलत नाहीत त्यांचा अभ्यास संस्थितिविज्ञानात करतात. क्लाउस फोन क्लिट्सिंग यांनी १९८० मध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील पातळ थरातून जाणाऱ्या प्रवाहाचे मापन केले. प्रवाहाच्या आडव्या दिशेने मिळणारी संवाहकता एका मूलभूत स्थिरांकाच्या पूर्णांक पटींतच असते, असे त्यांना आढळले. नमुना अशुद्ध असला, त्याचा आकार वेडावाकडा असला, तरी शंभर कोटींत एका भागाइतकाही फरक पडत नाही. थाउलेस व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याचे कारण दिले. स्फटिकातील इलेक्ट्रॉनाची अवस्था ज्या चलांनी दर्शवितात, ती चले दोन्ही दिशांनी फिरून मूळपदावर येतात. म्हणजे ती जणू मेदूवड्याच्या पृष्ठावर वसतात. या पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूशी तरंग फलाचा एक सदिश अवकाश जोडलेला असतो. अशा रचनेला (सदिश जुडीला) पडलेला पीळ मोजणारी पूर्णांक संख्या शिइंग-शेन चर्न यांनी १९४६ मध्ये शुद्ध भूमितीच्या अभ्यासात सांगितलेली होती. पट्ट्याचा पीळ पट्टा कापल्याशिवाय जात नाही, तसेच या पूर्णांकाचे आहे; अशुद्धतेने तो थोडासा बदलू शकत नाही.

सदिश जुड्यांचा अभ्यास हे टाटा संस्थेच्या गणित विद्यालयाचे वैशिष्ट्य होते. एम्. एस्. नरसिंहन् व सी. एस्. शेषाद्री यांचे या विषयावरील १९६५ चे प्रमेय प्रसिद्ध आहे. तेथीलच विजय कुमार पटोदी (१९४५–७६) यांनी अटिया व सिंगर यांच्याबरोबर १९७५-७६ मध्ये कड असलेल्या अवकाशांसाठी निर्देशांक प्रमेय मांडले. त्यात धन व ऋण लाक्षणिक मूल्यांमधील असमतोल मोजणारी एक राशी येते. पटोदी वयाच्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले, तेव्हा हे गणित पदार्थविज्ञानापासून दूर होते. २००५ नंतर अंतर्भागी विद्युत् निरोधक पण कडेवर संवाहक अशा पदार्थांचे भाकीत झाले व २००७ मध्ये पारा-टेल्युरियम संयुगाच्या थरांत असा पदार्थ प्रत्यक्षात आढळला. अंतर्भागातील पीळ व कडेवरील प्रवाह यांचा संबंध काटेकोरपणे मांडण्यासाठी कड असलेल्या अवकाशाचेच प्रमेय लागते. एडवर्ड विटेन यांनी २०१६ च्या सुमारास या पदार्थांच्या विवेचनात पटोदी यांची राशी मध्यवर्ती ठेवली आहे.

मर्यादा : अचूक उत्तर देणारी प्रतिमाने अपवादात्मक असतात. मजुमदार-घोष साखळीतील दुसरी ओढ निम्म्याहून किंचित वेगळी असली तरी त्रिकुटांची युक्ती लागू पडत नाही; अशा वेळी अचूक उत्तराचा उपयोग अंदाजी पद्धती पारखण्याची कसोटी म्हणून होतो. जालकावरील परस्परक्रिया दिल्या असता ऊर्जेची फट आहे की नाही हे ठरविणारी एकच सर्वसामान्य रीत असावी, ही अपेक्षाही टिकली नाही. क्यूबिट, पेरेझ-गार्सिया व वोल्फ यांनी २०१५ मध्ये दोन मितींतील जालकांसाठी अशी रीत तत्त्वतःच असू शकत नाही हे सिद्ध केले आणि २०२० मध्ये हा निष्कर्ष एका ओळीतील परिवलनांनाही लागू असल्याचे दाखविण्यात आले. त्यासाठी रचलेली प्रतिमाने कृत्रिम असून त्यांत प्रत्येक बिंदूवरील अवस्थांची संख्या प्रचंड असते. हायझेनबेर्क यांच्या साध्या साखळ्यांविषयी त्यातून काहीच निष्पन्न होत नाही; त्यांचा निकाल एकेका प्रतिमानासाठी स्वतंत्रपणेच लावावा लागतो.